साडूच्या विमानातली मागची सीट

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत. मी सोडून. मी जळतोय, तुझ्यापासून काय लपवायचं!

कारण आमचा साडू, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा (त्याचं लग्न तूच जमवलंस, विसरू नकोस). जन्मभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, आता शेडमध्ये दोन माणसांचं विमान बनवतोय! विमान कसलं, तीन चाकांचा सांगाडा, वर कापडाचा पंख, पाठीमागे इंजिन. चालवणारा पुढे, दुसरा त्याच्या दोन्ही बाजूंनी पाय सोडून मागे. आणि हे सगळं लटकणार एका बोल्टावर. एका! मी साध्या खुर्चीला गादी बसवतो तरी चारही बाजूंनी खिळे मारतो. पण घरात उठता-बसता कौतुक त्याचं. त्या मागच्या सीटची गादी शिवायला मात्र मी (तीही फुकट). बघतो तर सीट ही ऐसपैस! म्हटलं, इथे काय म्हैस बसवणार आहेस? तो हसला, हीसुद्धा हसली, आणि ती दोघं मिळून हसली की माझं डोकंच फिरतं. (त्यात माझी करडी पँट कपाटातून गायब आहे. विचारलं की ही खांदे उडवते.)

परवा तोल बघायचा म्हणून त्याने तो सांगाडा शेडच्या तुळईला साखळीने टांगला. पुढे तो, मागे मी. हिने आणि मेहुणीने साखळी ओढली, चाकं जेमतेम वीतभर उचलली गेली, आणि मी त्याला असा काही कवटाळला की बिचाऱ्याला श्वास घेता येईना. खाली आल्यावरही मी सोडेना, तेव्हा हिने माझी बोटं एकेक करून सोडवली. तोल झकास जमला म्हणून टाळ्या त्याला, हसू माझं. वर ही म्हणते कशी, रविवारी पहिल्या उड्डाणाला मागे कोण बसणार ते ठरलंय! म्हणजे हीच बसणार. त्याच्या पाठीला टेकून! तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

भावजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. साडू तुझा शब्द खाली पडू देत नाही. त्याला लिही, मागची सीट मला दे. मी सांगितलं असं कळू देऊ नकोस.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आधी गादी बसवायला शेडमध्ये गेलो, तर करडी पँट सापडली! फळीवर टाचलेली, कमरेभोवती खडूची रेघ. सीट तिच्याच मापाने केलेली. म्हैस म्हणजे मीच. ही म्हणाली, "तुम्ही केव्हापासून जळताय ते दिसत नाही का आम्हाला? पहिल्या दिवसापासून ती सीट तुमचीच आहे." ताई, डोळे भरून आले गं. आणि मग नजर त्या एका बोल्टावर गेली.

शेवटचं : वरचं सगळं रद्द. त्याला ताबडतोब लिही की आमच्या धाकट्याला लहानपणापासून चक्कर येते, त्याला वर नेऊ नकोस. पण माझ्याऐवजी हिला बसवणार असेल, तर काही लिहू नकोस. मी बसतो.