झुल्मिराचं पिंप

५ मार्च, पहाटे ५.१०
आजपासून रोजनिशी. अमेरिकन माणूस सगळं लिहून ठेवतो, आणि मी, आर्मिंदो तावारेस, आता जवळजवळ अमेरिकन आहे. निश्चय तीन. एक, नागरिकत्वाची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास होणे. दोन, बायकोचं, झुल्मिराचं, ग्रीन कार्ड सरकारला परत पाठवणे. मेलेल्या माणसाचं कार्ड घरात ठेवत नाहीत. तीन, दिवाणखान्यातलं तिचं पिंप केप व्हर्डमधल्या आमच्या फोगो बेटाला रवाना करणे.
बरोबर पाचला पिंपावर थाप पडल्यासारखी वाटली. प्लास्टिक थंडीने आकसतं. घाबरण्यासारखं काही नाही. दिवे लावून बसलोय ते लिहिण्यासाठी.

६ मार्च
पिंपाबद्दल. इथे ब्रॉक्टनमध्ये आम्हा केप व्हर्डच्या लोकांच्या घराघरात एक असतं. निळं, छातीएवढं उंच. वर्षभर साबण, तांदूळ, टॉवेल, बूट टाकत राहायचं, भरलं की बोटीने बेटावर धाडायचं. झुल्मिरा रोज पहाटे पाचला, हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला जाण्याआधी, त्यात एक तरी वस्तू टाकायची आणि झाकणावर थाप मारायची. मी म्हणायचो, अमेरिकन माणसाच्या दिवाणखान्यात सोफा असतो. ती म्हणायची, बसायला वेळ तुलाच आहे, तू आण.
सोफा आणायचा राहिला.

११ मार्च
अभ्यास सुरू. शंभर प्रश्नांपैकी चार वाचले. सुरुवात दमदार.
जानेवारीत परीक्षा दोघांची एकाच दिवशी होती. ती पास झाली. मी नापास, कारण परीक्षकाचे उच्चार खराब होते. तिला नागरिकत्वाच्या शपथेची तारीखही आली, ६ फेब्रुवारी. तिने पत्र लिहून ती पुढे ढकलली. तुझी दुसरी परीक्षा होऊ दे, दोघं मिळून हात वर करू म्हणाली. मी सांगितलं, आता अभ्यासाला लागतोच. त्या आठवड्यात फुटबॉलची फायनल होती.
८ फेब्रुवारीला लाँड्रीतच ती खाली बसली ती उठली नाही.
तारखांचा यात काही संबंध नाही.

१८ मार्च
रविवार. मुलगी इव्होन आली. ती नागरिक होऊन दोन वर्षं झाली. दातांच्या डॉक्टरकडे काम करते. तिला विचारलं, तुझ्यासाठी अमेरिका म्हणजे काय? म्हणाली, सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडणं. तरुण पिढीला स्वप्नंच नाहीत.
कचूपा केला, आमचा मका-घेवड्याचा रस्सा. झुल्मिराचा मका मऊ व्हायचा, माझा कडक राहिला. मक्याचा दर्जा खालावलाय.
जाताना इव्होन पिंपाला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलली, "आई अमेरिकन होऊन मेली असती, पप्पा. दोन दिवसांची का होईना."
मी म्हणालो, रस्त्यावर बर्फ आहे, सावकाश चालव.

१९ मार्च, पहाटे ५.००
थाप. पिंपावर घोंगडी टाकली.

२० मार्च, पहाटे ५.००
घोंगडीतूनही ऐकू येते. घोंगडी हलक्या प्रतीची.

२६ मार्च
कार्डाचा निश्चय निम्मा पार पडला. तिचं कार्ड तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून काढून पांढऱ्या पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं, फ्रिजवर ठेवलं. फोटोत ती रागावलेली दिसते. फोटोग्राफरवर असणार.
कामावर, मासळीच्या कारखान्यात, मुकादम टूमीची परीक्षा घेतली. त्याचे पणजोबा इथले, माणूस पक्का अमेरिकन. दहा प्रश्नांत तीन बरोबर. मी म्हटलं, तू नापास. चाकू पुसत तो म्हणाला, "मला विचारतंय कोण?"
मला वाटतं, अमेरिका म्हणजे हेच असावं, कुणी न विचारणं. पुस्तकात मात्र हे उत्तर दिलेलं नाही.

२ एप्रिल
फोगोहून मेहुणीचा, बियाचा फोन. बियाच्या लेखी अमेरिका म्हणजे पिंप. चौकशी केली, ताईने माझ्यासाठी लाल चपला ठेवल्या होत्या, त्या तळाशी आहेत का? मी म्हणालो, सगळं आहे. खरं तर झुल्मिरा गेल्यापासून मी पिंप उघडलेलंच नाही.
मग म्हणाली, "भाऊजी, गावात सगळ्यांना वाटतं ताई अमेरिकन होऊन गेली. पाद्र्यांनी चर्चच्या मिस्सात तसंच सांगितलं. मी नाही कशाला म्हणू?"
लाइन खराब आहे म्हणून फोन ठेवला. लाइन चांगली होती.

१० एप्रिल
पास! दहापैकी सहा, म्हणजे लागतात तेवढेच. एकही मार्क वाया घालवला नाही.
शेवटच्या प्रश्नाला अडलो. फक्त नागरिकालाच असलेला हक्क कोणता? साहेब पेनाने टेबलावर टकटक करत थांबला होता, आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, मतदान. ती भांडी घासताना हीच उत्तरं मोठमोठ्याने म्हणायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.
माझी स्मरणशक्ती मुळातच तल्लख आहे.
माझं ग्रीन कार्ड दाखवून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. आपली व्यवस्था चोख.

२ मे
पिंप गेलं! पहिल्यांदा उघडलं. साबणाचा वास थेट तोंडावर आला. तळापर्यंत उपसलं, लाल चपला होत्या. त्यांच्याखाली एक पुरुषाचा शर्ट, पांढरा, नवा, त्यावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी: आर्मिंदोला शपथेच्या दिवशी, आधी दाखवायचा नाही.
मी थोडा वेळ बसलो. सोफा नसल्यामुळे जमिनीवर.
वर जागा उरली होती, तिथे माझा जुना कोट कोंबला. अमेरिकन माणूस नवा कोट घेतो. झाकण लावलं. थाप मारायला हात उठला होता, खाली घेतला. न्यू बेडफर्ड बंदरातल्या एजंटचा ट्रक येऊन घेऊन गेला. जमिनीवर गोल डाग राहिलाय.

९ मे
आठवडाभर पाचला काही आवाज नाही. आवाज प्लास्टिकचाच होता, सिद्ध झालं. कामावर तीनदा उशीर. टूमी म्हणतो, गजराचं घड्याळ घे. मी म्हटलं, घरात एक होतं.

१३ जून
उद्या शपथ. तिने ठेवलेला शर्ट इस्त्री केला. फ्रिजवरचं कार्डाचं पाकीट नव्या कोटात ठेवलं. उघडून बघायची गरज नाही. मला घाई होत नाही, माझी तयारी असते.

१४ जून, संध्याकाळी
बॉस्टन. मोठा हॉल, चारशे माणसं. दारात एक बाई प्रत्येकाचं ग्रीन कार्ड परत घेऊन पेटीत टाकत होती. तिथून पुढे ते लागत नाही, माणूस अमेरिकन होतो. मी ऐटीत पाकीट दिलं. तिने फाडलं, कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कार्ड.
"झुल्मिरा तावारेस कोण?"
मी सगळे खिसे तपासले. मग एप्रिलमधला कोट आठवला, आणि कोटावर लावलेलं पिंपाचं झाकण.
मी सांगितलं, माझी बायको. वारली. कार्ड पाठवायचंच होतं. बाईंनी माझं नाव लिहून घेतलं, हरवल्याचा फॉर्म दिला, पुढची तारीख कळवू म्हणाल्या. झुल्मिराचं कार्ड मी परत मागितलं. त्या हळूच म्हणाल्या, हे इथेच यायचं होतं. आणि त्यांनी ते पेटीत टाकलं, बाकीच्यांच्या कार्डांवर.
गॅलरीत इव्होनशेजारी बसलो. खाली सगळे उठले, मीही उठून हात वर केला. दरवान म्हणाला, नातेवाइकांनी शपथ घ्यायची नसते. इव्होनने माझा हात खाली घेतला आणि सोडला नाही.
घरी आलो तर बियाचा फोन. पिंप पोचलं, चपला बरोबर बसल्या. कोटाच्या खिशात माझा फोटो असलेलं कार्ड निघालं, अमेरिकेचं दिसतंय म्हणून येशूच्या तसबिरीशेजारी लावलंय.

१५ जून, पहाटे ५.००
आज झोपलोच नव्हतो, म्हणून चूक होण्याचा प्रश्न नाही. थाप पडली. गोल डागाच्या जागी, एकच, झाकण नीट बसल्यासारखी.
पिंप फोगोला आहे. आता आकसायला इथे काही नाही.
दिवा लावला नाही. अंधारातच म्हणालो, अभिनंदन, झुल्मिरा.