हवेचा खोकला

१४ ऑक्टोबर
आज पहिलं दव पडलं. शाळेत होतो तेव्हा या दिवसांत मुलांकडून शरदाची कविता म्हणवून घ्यायचो. अख्खा वर्ग सुरात डोलायचा. आता अख्खं गाव सुरात खोकतं.

कुणालाही विचारा — हवा बदलली! पावसाळ्यात ओल, आता गारवा, उन्हाळ्यात धूळ. गावात आजारी कुणीच नाही. गुन्हेगार सगळे ऋतू.

१६ ऑक्टोबर
आमची आशाताई सत्यशीला थुंकीच्या डब्या घेऊन दारोदार. म्हणाली, "गुरुजी, थंडीनं क्षय होत न्हाई. थंडीत तुमी दारं लावून दाटीनं बसता. ऊन न्हाई, वारं न्हाई, एकाचा श्वास दुसऱ्याला. तसा पसरतो." माझीच विद्यार्थिनी. निबंधात कधी दोन ओळींपुढं गेली नाही, आता थांबत नाही.

"तुमी बी द्या डबी."

"माझा हवेचा आहे," म्हटलं. पोळ्यापासूनचा, पण हळू आवाजातला, सुसंस्कृत खोकला.

ती गेल्यावर खिडकी लावून घेतली. नात आरोही मांडीशी येऊन बसली. शरदाची कविता दोघांनी तीनदा म्हटली.

१७ ऑक्टोबर
शेजारचा आश्रुबा डबी धोतरात लपवून आला. दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला निघायचे. मुकादम म्हणतो, डबीत काही निघालं तर जोडी गाडीत घेणार नाही. वा, काय धन्वंतरी! पाचटाच्या खोपीत पाच माणसं कोंबताना याचं वैद्यक कुठं जातं कोण जाणे.

"गुरुजी, यात तुमची द्या," आश्रुबा म्हणाला. "तुमचा तर हवेचा हाय."

व्याकरणात कायम नापास, तर्कात पहिला. मी डबी हातात घेतली. खाकरलो. थुंकी माझी, डबीवर नाव त्याचं.

१८ ऑक्टोबर
सत्यशीला डब्या तपासणीसाठी पाटोद्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. आश्रुबा दिवसभर कोयत्याला धार लावत बसला होता. गात होता — बेसूर.

२० ऑक्टोबर
ढग. दारं बंद. संध्याकाळी अंग कोमट लागतं. ऋतूच तसा.

२२ ऑक्टोबर
निकाल आला. गावात एकाच डबीत क्षय निघाला — आश्रुबाच्या. दुपारपर्यंत मुकादमाला कळलं, संध्याकाळपर्यंत त्यांच्या जागी दुसरी जोडी ठरली.

आश्रुबा माझ्या ओट्याखाली उभा राहिला. वर आला नाही. "कुणाला सांगितलं न्हाई म्या," म्हणाला. "पर तुमची हवा लई महागात पडली, गुरुजी."

मी काही बोलायला गेलो तर खोकलाच आला. तो दोन पावलं मागं सरकला.

२३ ऑक्टोबर
सत्यशीला गोळ्या घेऊन आश्रुबाच्या दारात पोचली. मी ओट्यावरून हाक मारली, "त्या इकडं आण. ती थुंकी माझी होती. त्याची आता घे."

मग एवढंच म्हणता आलं, "आरोहीलाही तपास."