गोदामाची किल्ली

चकलांबा, ३ डिसेंबर १९७२

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि. कडब्याच्या ट्रकसाठी परवा बीडला चाललोय. सोसायटीच्या छावणीत गावाची सारी जनावरं बांधलेली, म्हणून वैरणीच्या गोदामाची किल्ली आसारामकडं देतोय. मी आल्याबिगर कुलूप काढायचं न्हाई, असं बजावलंय. एवढा बाप्या झाला, पण मला विचारल्याशिवाय पाणी पीत न्हाई पोरगा! तुमचा बंकट मात्र नाटकात तोंड रंगवत फिरतो म्हणे. पोरं कशी वाढवावीत, ते येऊन शिकून जा. विहिरी आटल्या तेवढं पुरे, तुमचा लोभ आटू देऊ नका.
आपला, सुंदर

धारूर, ६ डिसेंबर १९७२

चि. सुंदररावास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. न विचारता पाणी न पिणारा मुलगा या दुष्काळात सरकारच्या फार उपयोगाचा, कळवून टाक. बंकट तोंड रंगवतो खरा, पण पहाटे आपल्या हौसेने उठून पाठांतर करतो. मी उठवायला गेलो, तर तोच मला झोपा म्हणतो. आसारामने लहानपणी एकदा आपल्या मनाने वासरू सोडले, तेव्हा तू त्याला कासऱ्याने झोडपलेस. पुढे त्याने आपल्या मनाने काही केल्याचे मला तरी स्मरत नाही. लग्नातही दर पावलाला तुझ्याकडे बघत होता. नवरी खोळंबली आणि भटजीही. किल्ली दिलीस, तशी थोडी मुभाही दे. चुकला तर चुकू दे. सौ. बायनाबाईस आशीर्वाद. रागावलास तरी चार ओळी धाडाव्यास, इतकेच मागणे.
तुझा, दादा

चकलांबा, १२ डिसेंबर १९७२

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र परत आल्यावर वाचलं. गेवराईच्या अलीकडं ट्रकचा पाटा तुटला, मी तिथंच अडकलो. इकडं छावणीत बाहेर काढलेली वैरण संपली. गोदाम अर्धं भरलेलं, अन् दारात जनावरं हंबरतेत. गावातल्या म्हाळूनं पाया पडून किल्ली मागितली. बायनाबाईनं पोटच्या पोराला शिव्या घातल्या. आसाराम दाराला पाठ लावून बसला. आबा आले न्हाईत, एवढंच म्हणायचा. लोकांनी शेवटी त्याला ओढून काढलं अन् कुलूप फोडलं. तवर म्हाळूची बैलजोडी गेली, अन् आपली कपिला गाय बी. तिला तो आपल्या ताटातली भाकर चारायचा.

आल्या आल्या मी ओरडलो, कावून उघडलं न्हाई बे? तुमी आला नव्हता, म्हणाला. रडला बी न्हाई.

आता समोर ताट वाढलंय, अन् तो माझ्याकडं बघत बसलाय. जेव म्हणलं की जेवेल. दादा, मी त्याला काय म्हणू, ते लवकर लिहा.
सुंदर