गळाला लावायची गाबोळी

अहो,

एकोणसत्तर साली, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, तुम्ही गळाला लावायला आणलेली माशाची गाबोळी मी तळून तुम्हालाच वाढली होती. तुम्ही निमूट खाल्लीत, वर "झकास झालीय" म्हणालात आणि रिकामा गळ घेऊन नदीवर गेलात. तेव्हापासून गाबोळी मुरवायचं काम मी कधी तुमच्या हाती दिलं नाही, म्हणून आज लिहून ठेवावं लागतंय.

बरणीतली अजून मुरतेय. मीठसाखरेनं पाणी सुटलंय, ते ओतून टाकू नका. अंडी ते परत शोषून घेतात आणि मग घट्ट होतात. नळाखाली तर मुळीच धुऊ नका.

आधीची मुरलेली बर्फाच्या कप्प्यात आहे, एका दिवसाला एक अशा पुड्या करून. उघडलेली पुडी परत गोठवली की अंडी फुटून लगदा होतो, हे इतकी वर्षं सांगूनही तुम्हाला पटत नाही.

सासूबाई गेल्या. तुमच्या जोडीला नदीवर येणारा शिंपीही मुलाकडे राहायला गेला. घरात आपण दोघंच उरलो. लेक खाली गाडीत थांबलीय. तुम्हाला उठवलं असतं तर माझा पाय निघाला नसता. दवाखान्यात चार दिवसांचंच काम आहे, असं ती म्हणते.

पुड्या पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरतील. एवढ्या कशाला केल्या, ते तिला विचारू नका. लगेच रडते ती.