दुसरा नंबर

बाबा,

बेघरांच्या निवाऱ्यात पलंग मिळालाय, पण फॉर्मवर आपल्या माणसाचा फोन नंबर लागतो आणि संस्थेच्या ताई तो लावून खात्री करतात. जिच्यापायी कॉलेज सोडलं, तुमच्याशी भांडलो, तिचाच आधी दिला. "मी नाही ओळखत त्याला," म्हणाली. मग तुमचा लिहिला. ताई शेजारच्या खोलीत आता तोच लावतायत आणि मी इथे हे खरडतोय. घर सोडताना मी मुठीनं दाराची काच फोडली, ती आठवून फोन आपटू नका. तुम्हीही तिच्यासारखंच म्हणालात, तर फॉर्मच्या त्या चौकटीत लिहायला माझ्याकडे तिसरं माणूस नाही.

ताई दारात आल्यात. "अरे, ते विचारतायत, काच हाताला फार लागली होती का?"

पत्र राहू दे. येतो फोनवर.

तुमचंच,
तापट कार्टं