डाव्या हाताची अक्षरं

आई, आज आमच्या शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बदलला. जुना उचलून नेणारा माणूस म्हणाला, "मॅडम, हे आता कुठीच चालत नाई," आणि मला राग आला. त्याचा नाही, तुझा. मेलेल्या माणसावर इतक्या वर्षांनी रागावण्यात काही अर्थ नाही, हे कळतं मला. पण शाळा सुटली आहे, धानोऱ्याची बस यायला वेळ आहे, म्हणून लिहिते आहे. हातानेच.

बाबा गेल्यावर आपलं घर तुझ्या बोटांवर चाललं. बल्लारपूरहून सकाळच्या गाडीने तू चंद्रपूरला जायचीस, वकीलसाहेबांच्या ऑफिसात मराठी टायपिस्ट म्हणून. सुट्टीत मलाही न्यायचीस. अजून डोळ्यांसमोर आहे: मी फायलींच्या कपाटाला टेकून बसले आहे. जंगलातल्या गावचा एक म्हातारा जमिनीची हकिगत सांगतो आहे, थोडी गोंडीत, थोडी मराठीत, मधेच रडतो आहे. तुझी नजर त्याच्या तोंडावर आणि बोटं मशीनवर. खाली बघणं तुला ठाऊकच नव्हतं. साहेब विचारतात, "झालं का बाई?" तू म्हणतेस, "माह्यं झालं साहेब, तुमचंच बोलणं राह्यलं." रडता रडता तो म्हातारासुद्धा हसतो. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आपलं काम गेलंच, असं तू धरून चाललीस. पण त्यातल्या मराठीच्या कळा टाइपरायटरच्याच क्रमाने होत्या. त्या संध्याकाळी तू स्टेशनवरून गरम जिलबी आणलीस आणि म्हणालीस, "मशीन बदलली, पण माह्या बोटांले पत्ताच नाई लागला." तुला इतकं खूश मी पुन्हा पाहिलं नाही.

मग काही वर्षांनी साहेबांचा मुलगा नागपूरहून वकील होऊन आला आणि ऑफिसात सगळं नवं झालं. नव्या मशीन, नवं सॉफ्टवेअर. तुझ्या जुन्या फायली त्यात उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा नुसता केरकचरा. नवं मराठी लिहायला गेलीस, तर एकही अक्षर आपल्या जागेवर नाही. तुझा डावा हात एक लिहायचा आणि पडद्यावर भलतंच उमटायचं. मुलगा वाईट नव्हता. "काकू, बसेल हात. शाळेतली पोरं शिकून राह्यली," म्हणाला. त्याला काय माहीत, की पोरांना फक्त शिकायचं असतं, तुला आधी विसरायचं होतं.

तू साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर नव्या कळा काढल्यास. गॅसवर भात, खाली फरशीवर तू, मांडीवर तो पुठ्ठा. तोंडाने अक्षर म्हणायचीस आणि बोट जुन्याच ठिकाणी जायचं. स्वतःच्याच हातावर चापट मारायचीस, आपण खोडकर लेकराला मारतो तशी. "शिकाची तर लय इच्छा आहे वो," म्हणायचीस, "पण हे बोटं आयकत नाई." मी म्हणाले, मला तुझं जुनं टायपिंग शिकव, निदान घरात दोघी होऊ. केवढ्याने ओरडलीस! "काई नोको! मेलेली विद्या पोरीले काऊन देऊ? तू मास्तरीण हो." भात करपला. आपण तोच खाल्ला.

साहेबांनी तुला काढलं नाही, हे तू शेजारीपाजारी अभिमानाने सांगायचीस. तुझ्या खुर्चीवर नवा ऑपरेटर बसला होता आणि तू फोन उचलत होतीस, कोर्टफीची तिकिटं चिकटवत होतीस, हे मात्र सांगत नव्हतीस. एका सोमवारी तू गाडीच्या वेळेला उठलीच नाहीस. बरं वाटत नाई, म्हणालीस, आणि नंतर कधीच गेली नाहीस. पुढे खूप वर्षांनी तहसीलमधल्या एका बाबूने चहा पिता पिता मला सहज सांगितलं, की त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्याच कळा बसवता येत होत्या. त्यासाठीची सोय फुकट मिळत होती. आपल्याकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. हे ऐकून मी चहा पूर्ण संपवला आणि घरी आले. दुसरं काय करणार होते?

शेवटी लकवा आला तेव्हा तुझी उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सरकारी दवाखान्यातल्या त्या पलंगावर तू माझा हात ओढून घेतलास आणि तळव्यावर डाव्या हाताची बोटं मशीनवर चालवायचीस तशी चालवायला लागलीस. मधे थांबायचीस, शब्द सुटल्यासारखी, आणि माझ्याकडे बघायचीस. मी काहीच बोलत नाही असं पाहून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस. डॉक्टर म्हणाले, सवयीने हलतात बोटं, अर्थ नसतो त्याला. असेलही. पण तू माझ्याकडे बघत होतीस, आई. अर्धी अक्षरं तर मेलेल्या हाताकडे होती, आणि उरलेली अर्धी ओळखायला तू मला शिकवलंच नव्हतंस. सकाळपर्यंत बोटं थांबली.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. पर्समध्येच राहील. फक्त एक सांगते. तेराव्याला सगळ्यांनी विचारलं, शेवटी काही बोलली का गं तुझी माय? मी सांगितलं, हो, माझ्या हातावर माझं नाव लिहीत होती. सगळ्या बाया रडल्या. मीही रडले. आणि आता मलाही तेच खरं वाटावं म्हणून मी सगळ्यांना तसंच सांगत असते.