टाकीतला शेवटचा तास

४ ऑक्टोबर
आज बेर्तोलोत्तीने परत डिवचलं. क्लबचा अध्यक्ष झाला म्हणून काय, सगळ्यांसमोर? म्हणे, "आयदे, तुझे विद्यार्थी विमान नाही चालवत, पेट्रोलचा टँकर चालवतात." हसले सगळे. हसा! एकतीस वर्षं शिकवतेय. त्रेचाळीस जणांना परवाना मिळवून दिला. एकाचंही इंजिन हवेत बंद पडलेलं नाही. माझा नियम एकच – टाकीतला शेवटचा तास आपला नसतो. तो नाहीच असं धरून चालायचं. आणि टाकीच्या बुचावरची पेट्रोल दाखवणारी तार बघून नाही, घड्याळ बघून. आमच्या पठारावर पश्चिमेचा वारा कधी अंगावर येईल, नेम नाही.

९ ऑक्टोबर
रुफिनो तयार आहे. मेंढ्यांचा डॉक्टर, अडतीस वर्षांचा. हात जरा जड, डोकं मात्र थंड. परवाना मिळाला तर लांबच्या कुरणांवर वेळेत पोचेल. मोटारीने जाईपर्यंत निम्मा कळप मेलेला असतो, म्हणतो. परीक्षा एकोणतीसला. त्याआधी समुद्रापर्यंत एकट्याने जाऊन यायचं आहे. परवा धाडते.

११ ऑक्टोबर
दुपारी एकला यायला हवा होता. तीन वाजले. काही लिहवत नाही.

१२ ऑक्टोबर
काल चारला फोन आला. पंचवीस किलोमीटरवर एका कुरणात उतरलाय. स्वतः धड, विमान धड, कुंपणाला बांधून ठेवलंय. माझ्या जिवात जीव आला, तोच बेर्तोलोत्ती म्हणाला, टँकर कोरडा पडला वाटतं! तोंडात मारल्यासारखं झालं.

आज ट्रक घेऊन गेलो. रुफिनो मेंढपाळाच्या दारात बसून माते, आमचा कडू चहा, पीत होता. बेर्तोलोत्तीने त्याला धड रामराम केला नाही, सरळ डबा घेऊन टाकीखाली गेला आणि तोटी सोडली. कोरडेपणाचा पुरावा हवा होता ना त्याला. पेट्रोल आलं, आणि येतच राहिलं. अठरा लिटर! हे विमान तासाला सतरा पितं.

मग तर तो जास्तच भडकला. "घर वीस मिनिटांवर, टाकीत तासाचं पेट्रोल, आणि तू मेंढ्यांत उतरलास?"

रुफिनोने कप खाली ठेवला. "वारा वाढला. उडून तीन तास झाले. पुढचा तास माझा नव्हता."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. मी चाक तपासायच्या निमित्ताने पलीकडे गेले आणि रडले. हो, रडले! अभिमानाने ऊर फुटायचा बाकी होता.

१६ ऑक्टोबर
कमिटीची बैठक. बेर्तोलोत्तीचं म्हणणं, रुफिनो घाबरट आहे, उगाच क्लबचं विमान धोक्यात घातलं, परीक्षेला पाठवायचं नाही. मी त्याचा हिशेबाचा कागद मोठ्याने वाचला. समुद्राकडचा पंप बंद, म्हणून जाऊन-येऊन एकाच टाकीवर. टाकी चार तासांची, वापरायचे तीन. जाताना एक तास पाच मिनिटं, येताना पावणेदोन तास, वर दहा मिनिटं शिल्लक. वाऱ्याने ती दहाही खाल्ली. मी म्हटलं, यातली चूक दाखवा. मग हात वर करून मतं घेतली. तीन विरुद्ध दोन – रुफिनो परीक्षेला जाणार!

२२ ऑक्टोबर
वारा. उड्डाणं बंद.

२९ ऑक्टोबर
पास! चव्वेचाळिसावा. परीक्षकाने पेट्रोलवरच सगळ्यात जास्त विचारलं, आणि गडी एकदाही अडखळला नाही. मी तर बाजारातून नाक वर करून चालत आले.

संध्याकाळी घरी आला, अर्धं कोकरू घेऊन. सहज विचारलं त्याने, "बाई, तुमच्यावर कधी वेळ आली? तो तास वापरायची?"

"छे," म्हटलं मी. पटकन.

३० ऑक्टोबर
कोकरू तसंच झाकून ठेवलं.

पंधरा वर्षांपूर्वी. बहिणीचं लग्न गाठायचं होतं, समुद्राकडून येत होते, समोरून असाच वारा. खाली तीन चांगली कुरणं गेली. मी उतरले नाही. धावपट्टीला चाकं टेकली आणि इंजिन आपोआप थांबलं. थेंब नव्हता. विमान एकटीने ढकलत आत नेलं आणि उड्डाणांच्या वहीत लिहिलं – शिल्लक एक तास. तेव्हाही हाच नियम शिकवत होते. दुसऱ्या दिवशीही शिकवला.

रुफिनोने जे केलं ते मला जमलं नव्हतं. आणि त्याच्या तोंडावर मी खोटं बोलले.

३१ ऑक्टोबर
सकाळी रुफिनोला सगळं सांगितलं. मग क्लबच्या फळ्यावर खडूने लिहिलं: "आयदे. पंधरा वर्षांपूर्वी. उतरले तेव्हा टाकी कोरडी." खाली सही केली आणि घरी आले.

संध्याकाळी बघते तर माझ्याखाली आणखी चार नावं. पहिलं बेर्तोलोत्तीचं. त्यापुढे लिहिलेलं: "दोनदा."